नानांच्या बरणीची चटणी

नाही, मला एक सांगा, चटणी खाणं हा काय गुन्हा आहे? नाही ना? मग आमच्या गावी, सायखेड्याला, मी एसटीतून उतरलो की पारावरची माणसं अशी एकदम गप्प का होतात, आणि मी जरा पुढे गेलो की मागून, "काय साहेब, औंदा काय खाल्लं?" असा आवाज का येतो? आणि मी काय करतो? हसतो. नुसते दात काढतो. कारण बोलायला तोंडच राहिलेलं नाही हो. माझ्या वडिलांना, पुंजाराम त्यांचं नाव, पण सगळे नाना म्हणतात, त्यांना बघून लोक अजून राम राम करतात आणि मला बघून जेवलात का विचारतात. मी डिप्लोमा केलेला माणूस, नाशिकला अंबडच्या कारखान्यात नोकरी, गंगापूर रोडला फ्लॅट, आणि तुम्हाला सांगतो, मी प्लॅनिंग डिपार्टमेंटला आहे. प्लॅनिंगला...

हे सगळं झालं ते नीट जेवायच्या नादात. म्हणजे आधी काय होतं, माझी बायको छाया शिक्षिका, तिची सकाळची शाळा, माझी शिफ्ट, घरात स्वयंपाक कधी व्हायचा, कधी नाही, मग कँटीनचा वडा, नाक्यावरची मिसळ, घरी आलो की चहा-खारी, आणि मधे कधी भूक लागलीच तर फरसाण. पोट पुढे आलं. डॉक्टरांनी वजन बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वजन बघितलं. आणि नेमकं त्याच महिन्यात आमच्या कारखान्यात ते जपानी शिस्तीचं ट्रेनिंग आलं, फाइव्ह एस म्हणतात ते, नको ते काढा, हवं ते लावा, पुसा, लेबल लावा, रोज पाळा. पुण्याहून एक साहेब आले होते, टाय लावून, ते शेवटी म्हणाले, "मित्रांनो, सुरुवात स्वतःच्या घरापासून करा." सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या वाजवून माणसाने घरी जावं की नाही? सगळे गेले. मी एकट्यानेच ते मनावर घेतलं.

पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरात शिरलो. एकसारख्या पारदर्शक बरण्या आणल्या मेनरोडवरून, लेबलं आणली, आणि लाल कागदाचे तुकडे. जी वस्तू वापरात नाही तिला लाल कागद, म्हणजे ती बाहेर. छाया दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, तांब्याला लाल कागद?" म्हटलं गेल्या आठवड्यात वापरला का? "सासूबाईंनी दिलेला तांब्या आहे तो." म्हटलं भावना वेगळी, सिस्टिम वेगळी. तिने तांब्या उचलला आणि कपाटात कुलूप लावून ठेवला. मग भाज्या. गावाकडून नाना एसटीवर पोतं चढवून द्यायचे, मेथी, गवार, दोडकी, जे निघेल ते, ते सगळं रविवारीच निवडायचं, चिरायचं, डब्यात भरायचं, सोमवारचा डबा, मंगळवारचा डबा. एकदा छायाने बुधवारी सोमवारचा डबा उघडला तर मी तिला थांबवलं. ती म्हणाली, "सोमवारची गवार बुधवारी खाल्ली तर ती काय पोलिसात जाणारे का?" मी तिला सिस्टिम समजावून सांगायला लागलो आणि ती टीव्ही लावून बसली.

पण खोटं का बोलू, बरं चाललं होतं. कँटीनचा वडा सुटला. पँट सैल झाली. मी लंचला डबा उघडला की लोक डोकवायचे, आज काय, आज काय, आणि मी त्यांना कोशिंबिरीचे फायदे सांगायचो. लोक मला विचारून जेवायला लागले हो. इथेच माणसाचं डोकं फिरतं.

आता बरणीचं सांगतो. नानांचं उळं, उळं म्हणजे कांद्याचं बी, काळं, बारीक, तर हे उळं नाना विकत आणत नाहीत. दर उन्हाळ्यात कांद्याच्या ढिगावर बसायचं, सारखे, गोल, बारीक मानेचे, रंगाचे असे कांदे एकेक करून बाजूला काढायचे, ते पुन्हा वेगळे लावायचे, त्यांना ते पांढरे गेंद येतात, ते वाळवायचे, चोळायचे, पाखडायचे, मग बी. माझ्या आजीपासून चालत आलंय ते. नानांचा कांदा लासलगावला गेला की व्यापारी न विचारता ओळखतात. नाना दुसऱ्या कशाबद्दल कधी फुशारकी मारत नाहीत, त्या कांद्याबद्दल मात्र मारतात. पण उळं उन्हाने मरतं, त्याची उगवण जाते, म्हणून आम्ही फ्रीज घेतल्यापासून मे महिन्यात ती बरणी आमच्याकडे यायची आणि दिवाळी झाली की वाफ्यावर टाकायला परत जायची. जुनी प्लॅस्टिकची बरणी, झाकणाला फडकं बांधलेलं. त्या वर्षीही नाना आले, म्हणाले, "भारत, उळं हाय रे, वरच्या फळीवर ठिवतो." आणि मी पेपरच्या पुरवणीतून मान वर न काढता म्हटलं, "हो हो नाना, ठेवा." पुरवणीत काय होतं? आहारात बिया किती महत्त्वाच्या!

पुढे पावसाळ्यात फ्रीज आवरायला काढला. जुनी बरणी, फडकं... लाल कागद. आतलं काळं काळं नव्या पारदर्शक बरणीत ओतलं. छायाला विचारलं, घरात कलौंजी होती का गं? ती पेपर तपासत होती, म्हणाली, "असेल, बघा तिथेच." बघितलं. होती की. लावलं लेबल, कलौंजी, चांगल्या अक्षरात.

तुम्ही म्हणाल, कांदा पिकवणाऱ्याचा मुलगा तू, तुला कांद्याचं बी ओळखू येत नाही? येतं हो. शेतात येतं. नानांच्या तळहातावर येतं. पण फ्रीजमध्ये, थंडगार, बरणीला लेबल लावलेलं, आणि लेबल मीच लावलेलं... त्यामुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला. आणि मी प्लॅनिंगला आहे.

मग काय, चटणी. दर रविवारी थोडं थोडं भाजायचं, शेंगदाणे, लसूण, लाल मिरची, खलबत्त्यात कुटायचं. रोज भाकरीबरोबर एक चमचा, फार गुणकारी. ऑफिसला नेली, लोकांनी बोटं चाटली, पुड्या बांधून दिल्या. शेजारच्या टेबलावरच्या रंगनाथला शुगर आहे, त्याला म्हटलं तू भाजून खाऊ नको, सत्त्व जातं, त्याला कच्चीच दिली, भिजवून खा म्हटलं. वाटत सुटलो हो मी, हात आखडला नाही. बरणी रिकामी झाली तेव्हा मला वाईट नाही वाटलं, समाधान वाटलं. संपली म्हणजे सिस्टिम चालतेय.

दिवाळी झाली आणि नाना आले. वाफे तयार होते, पाणी सोडलेलं, संध्याकाळच्या एसटीने परत जायचं होतं. छाया म्हणाली जेवून जा. भाकरी, दोडक्याची भाजी, आणि मी आपल्या हाताने ताटात चटणी वाढली. नानांनी घास घेतला. म्हणाले, "झ्याक हाय. कशाची?" म्हटलं कलौंजीची, नाना, तब्येतीला फार चांगली, अजून घ्या. त्यांनी घेतली. तेल मागितलं वरून. पुन्हा घेतली. हात धुतला, टोपी घातली आणि म्हणाले, "बरं, आण उळं. गाडी चुकायची."

मी उठलो. फ्रीज उघडला. वरची फळी बघितली. लिंबाचं सरबत होतं, भिजवलेले बदाम होते... तुम्हाला सांगतो, ते दार मी बंद केलं आणि पुन्हा उघडलं, जणू दुसऱ्यांदा काही वेगळं दिसणार होतं. मागे छाया आली, तिने फळीकडे बघितलं, मग कलौंजीच्या रिकाम्या बरणीकडे बघितलं, मग ताटाकडे. शेवटी मीच बाहेर जाऊन सांगितलं. कसं सांगितलं, माझं मला माहीत. लहानपणी बैल सोडून दिला होता एकदा, तेव्हासुद्धा एवढी लाज वाटली नव्हती.

नाना ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ताटाजवळ गेले, उरलेली चटणी बोटाने पसरली, बघितली. म्हणाले, "म्हंजी आत्ता मीच खाल्लं व्हय ते?" मी मान हलवली. "समदं भाजलं?" मी पुन्हा मान हलवली. मग ताट बाजूला सारून, "बिनभाजलं कोणाला दिलं का?"

रंगनाथ!

स्कूटर काढली, नानांना मागे बसवलं, निघालो सिडकोला, रंगनाथच्या घरी. मी आरशात बघत होतो, ते धोतराचा सोगा धरून रस्त्याकडे बघत होते. आता दिलेली वस्तू परत मागायची कशी, तीही पावकिलो कलौंजी, एवढाच विचार डोक्यात. मी म्हटलं नाना, मी सांगतो खरं काय ते. दार रंगनाथनेच उघडलं. मला बघितलं आणि सुरूच झाला, "बरं झालं साहेब आलात, अहो तुमच्या कलौंजीला मोड आले की. भिजत घातली आणि आम्ही गेलो मनमाडला सासऱ्यांकडे, येऊन बघतो तर मटकीसारखे मोड. हे खायचं असतं का?" आणि वाटी पुढे केली. नानांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली. चष्मा वर करून बघितलं. त्यांचा चेहरा असा खुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. "जितं हाय," म्हणाले. "लय जोराचं हाय."

मी तोंड उघडलं, रंगनाथ, खरं सांगायचं तर... आणि नाना मधेच बोलले. आयुष्यात खोटं न बोललेला माणूस हो. म्हणाले, "त्याचं काय हाय, आमच्यात रीत हाय. पोराच्या दोस्ताच्या घरून मूठभर बी न्यायचं, मंग वाफा टाकायचा. बरकत ऱ्हाती." मी नानांकडे बघतच राहिलो. रंगनाथला गहिवरून आलं. म्हणाला, "किती छान रीत आहे, आणि साहेब कधी बोलला नाहीत." त्याची बायको योगिनी, तिने आतून बुडाशी उरलेलं सगळं बी आणलं, पुडी बांधली, पुडीला हळदकुंकू लावलं, वर नारळ दिला आणि नानांच्या पाया पडली. मी कोपऱ्यात उभा. मी खाल्लेलं झाकायला माझ्या बापाने नवीन रीत काढली, आणि मी हातात नारळ धरून उभा. आणि मी प्लॅनिंगला आहे.

मूठभर बियाने कितीसं होणार? एक वाफा झाला. बाकी रानात नानांनी गावातल्या गोटीरामकडून रोप आणून लावलं, ते निम्मं डेंगळ्यांत गेलं, म्हणजे कांदा पोसायच्या आधीच फुलावर आलं, आणि जे निघालं ते जोड, एका सालीत दोन-दोन कांदे. त्या वर्षी लासलगावच्या व्यापाऱ्याने नानांना विचारलं, "माल कोणाचा?" नाना म्हणाले, "माझाच हाय." घरी येऊन जेवले नाहीत, असं आई सांगत होती. गावभर हे कोणी केलं म्हणाल तर आईनेच, नवसाबाईने, नानांनी अवाक्षर काढलेलं नाही. मी आईला विचारलं तर म्हणते, "काय करू बाबा, माझ्या पोटात नाय राह्यलं." आणि रंगनाथचं वेगळंच. त्याने ती रीत अख्ख्या ऑफिसला सांगितली. गेली दिवाळी झाल्यावर त्याने दुकानातून खरी कलौंजी आणून मोठी पुडी बांधून ठेवली, आणि नाना बिचारे सिडकोला जाऊन ती घेऊन आले, औंदाही ठेवणार म्हणतो. आमच्या घरात आता कलौंजीला तोटा नाही.

त्या एका वाफ्यातले चांगले कांदे नानांनी निवडले, पुन्हा लावले, आणि दीड वर्षाने, परवा, उळं झालं. बरणी घेऊन आले. मी तयारीत होतो. आख्खी वरची फळी मोकळी केलेली, लाल अक्षरांत मोठं लेबल, हात लावू नये. छायाला बजावलेलं, स्वतःला बजावलेलं. नानांनी फळी बघितली, म्हणाले, "लय झ्याक लावलंय." चहा प्यायले. बशी खाली ठेवली. आणि मला म्हणाले, "ती वरच्या मजल्यावरची, प्रतिभा, हाय का घरी?"

आता ह्या प्रतिभावहिनी, तुम्हाला सांगतो, त्यांचा फ्रीज उघडायचा म्हणजे खाली हात धरून उघडावा लागतो, काय पडेल नेम नाही. मी म्हटलं नाना, अहो तिथे? तिथे कशाचा कशाला पत्ता नाही. नाना म्हणाले, "तेच म्हणतो मी. मागं तुमच्या दाराला कुलूप होतं म्हून तिच्याकडं चहाला थांबलो होतो, तवा पाह्यलं. त्या फ्रीजात गेल्या सालची करंजी हाय. त्या घरात कोणी काय शोधायला जात नाय. बी ऱ्हाईल तिथं."

जिना चढताना त्यांचे गुडघे दुखतात म्हणून बरणी मी उचलली, तेवढी उचलू दिली त्यांनी. वहिनींच्या दारापर्यंत. दारात मात्र माझ्या हातातून काढून घेतली, आणि म्हणाले, "तू जा आता खाली. जेवून घे."