टाका कुणाचा

—तर मग सही करू नका म्हणतो मी! झालं? ह्येच इचारायला जयसिंगपूरवरनं आलासा न्हवं? बसा की. त्या स्टुलावर नको, त्येचा पाय हलतोय, हिकडं खोक्यावर बसा. तर पोरीचं नाव क्रांती. नाव झकास ठेवलंय. आन् आता ही क्रांती म्हणतीया, इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष जर्मनीत करणार, आन् बापाची सही आज पाचच्या आत विद्यापीठात पोचली पायजे — आन् तुमचा हात उठंना — आन् कुणीतरी तुम्हास्नी सांगितलं, शिवाजी पेठेत बाबासो अँप्लिफायरवाला हाय, त्येचं पोरगं ह्येच करून आलंय, त्येला जाऊन इचारा. बरोबर पत्त्यावर आलासा, पावणं. आन् येता येता हे मशीन बी आणलंसा, तुमच्या मंडप-स्पीकरच्या धंद्यातलं, बंद पडलंय म्हणून. ठेवा बाकावर. बघतो. माझं तोंड चाललं की हात चालतोय, तोंड थांबलं की हात बी थांबतोय. बायको म्हणतीया, देवानं ह्या माणसात वायरी उलट्या जोडल्यात.

काय शिकवत्यात तिथं? मी सांगतो काय शिकवत्यात. दोन वर्षं ट्रान्झिस्टर फळ्यावर काढायचा. हातात धरायचा न्हाय — काढायचा! रांगोळी हाय व्हय ती? आमचा ऋतुराज दुसऱ्या वर्षाला हुता, तवा चार दोस्त घेऊन दुकानात आलता. सगळी चष्मेवाली. मी म्हटलं, बघू तरी ह्यास्नी काय येतंय. एक जुना रेडिओ उघडून म्होरं ठेवला, म्हटलं, सांगा फॉल्ट. चौघं वाकून बघाय लागली, हिरीत मांजर पडल्यावर बघत्यात तशी. एकानं मोबाईलवर फोटो काढला. मग एकजण म्हणतोय — "काका, ह्याचा सर्किट डायग्राम आहे का?" आरं तुझ्या! आजारी म्हैस दावणीला बांधलीया आन् डाक्टर म्हशीचा नकाशा मागतोय! लई हसलो मी. सगळी पेठ गोळा करून सांगितलं. ऋतुराज काय हसला न्हाय. त्यो लहानपणापास्नं तसाच, कमी हसणारा.

मग जर्मनी. गावाचं नाव इचारू नका, त्येच्यात चार 'श' हायत आन् माझ्या तोंडात दात कमी हायत. एक वर्ष! आन् काय केलं वर्षभर? लॅबमधी शिरायच्या आधी मनगटाला पट्टा बांधायचा आन् पट्ट्याची वायर जमिनीला जोडायची — का, तर अंगातल्या करंटनं पार्ट खराब हुतोय. आवो, पोरगं हाय का रेडकू, खुट्ट्याला बांधाय? पस्तीस वर्षं मी नुसत्या बनियनवर काम केलं, एक पार्ट मेला न्हाय माझ्या हातानं. आन् काय करायचं ते आधी लिवायचं, मग करायचं, मग काय झालं ते लिवायचं. चुकलं तर कसं चुकलं ते बी लिवायचं, आन् खाली सही! चूक करायची आन् वर सही ठोकायची — आपल्यात कुणी असलं येडं काम केल्यालं बघितलंसा? मी तर न्हाय बघितलं.

परत आला तर काय, आवाज बारीक झालेला. "बाबा, मला वाटतं…" म्हणून सुरू करायचा. घरात! बापाम्होरं! वाटतंय काय तुला? असतंय न्हायतर नसतंय. आन् माझ्यासाठी काय आणलं, तर सोल्डरिंगचं मशीन, वायरीला कथलाचा टाका माराय. त्येच्यावर आकडे दिसत्यात, किती गरम झालंय त्येचे. मी आपलं टोक ओल्या फडक्यावर टेकवतो, चर्र आवाज आला की कळतंय मला. खोकं माळ्यावर ठेवलंय. फोडलं न्हाय. कशाला फोडायचं?

आता ऐका, म्हणजे तुमच्या सहीचं तुम्हास्नी कळंल. आमच्या तालमीला पंचाहत्तर वर्षं झाली, गेल्या साली. मोठा कार्यक्रम. ज्ञानू वस्तादांचा सत्कार — चौऱ्याऐंशी वर्षांचं म्हातारं, मला बी त्यांनीच मातीत लोळवलेलं, दंडावरची ही खूण त्यांचीच. तालमीचा अँप्लिफायर म्हणजे माझ्या हातचा, मी बनवल्याला. दोन वर्षं त्येच्यात गुणगुण यायची. माईक लावला की मागं गुंऽऽऽ चालूच. मी सगळ्यास्नी सांगायचो, मोठं मशीन हाय, गुणगुणणारच, बैल काय मुका असतोय व्हय? लोक गप बसायची. तर हा आला जर्मनीचा पावणा. "बाबा, मी बघू का?" म्हटलं, बघ. दुपारी दोनला उघडला आन् चार वाजता बंद केला. अर्थिंगची वायर दोन ठिकाणी जोडल्याली हुती म्हणं, एक काढली. माईक लावला — आवो, भिंतीवरची पाल चुकचुकली तरी ऐकू येईल अशी शांतता! आन् तिथं बसल्याली सगळी — पैलवान, फुटबॉलची पोरं, चहावाला — सगळी म्हणाली, "बाबासो, पोरगं बापाच्या वर गेलं की!"

आनंद झाला. न व्हायला काय झालं? बापाला आनंद हुतोयच. पेढं वाटलं मी.

आन् मग दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. खुर्च्या भरलेल्या, बायका गच्चीवर. अर्धा तास सगळं झ्याक चाललं — हार, नारळ, ह्येचं भाषण, त्येचं भाषण. मग वस्ताद उठलं. दोघांनी दंडाला धरून उभं केलं. माईक हातात घेतला, आन् आवाज गेला. मशीन मेलं! म्हातारं बोलतंय, तोंड हालतंय, ऐकू काय बी येईना. त्यांस्नी बिचाऱ्यांस्नी कळतंय कुठं, ते आपलं बोलतायत. मागनं एकजण वरडला, "जर्मनीला फोन लावा रं!" अशी हसली पेठ, अशी हसली! वस्तादांस्नी वाटलं आपल्यालाच हसत्यात. बोलायचं थांबलं. माईक खुर्चीवर ठेवून खाली बसलं. आन् श्रावणात गेलं म्हातारं. काय बोलायचं हुतं कुणास ठाऊक. तर ही असली किंमत, पावणं, तुमच्या तिसऱ्या वर्षाची! शिकून आला, मशीन केलं, आन् भर पेठेत तोंडावर पडला. ह्यासाठी करायची सही? पोरीला सांगा, हिथंच शीक, न्हायतर दुकानावर बस, न्हायतर लगीन कर. विषय संपला.

काय? फॉल्ट काय हुता? फॉल्ट… काय तर एक टाका सुटलाता. सोल्डरचा टाका. वरनं चिकटल्याला दिसतोय, आत कच्चा असतोय. मशीन तापलं की अर्ध्या तासात सोडतोय. हुतंय असं. सोडा ते. तुमचं मशीन बघू की आधी, गप्पाच मारत बसलोय. हा निघाला स्क्रू. हे झाकण आलं… थांबा जरा. चष्मा कुठं गेला? हां.

ह्ये कुणी केलंय? न्हाय, तुमी न्हाय, तुमचे हात मी बघितल्यात मघाशी, फावड्यागत हायत. सगळ्या वायरी एका बाजूनं नेल्यात, बांधून. टाका बघा, दाण्याएवढा, चकचकीत, एकसारखा. अर्थिंग एकाच ठिकाणी. वायर लावतो बघू… चालू हाय की! आवो, चालू हाय मशीन! बंद पडलंय म्हणालासा न्हवं? कान लावा, गुणगुणीचं नाव न्हाय. पोरीनं केलंय न्हवं हे? क्रांतीनं? सुट्टीत? खाली काय बघताय, वर बघा माझ्याकडं. चालू मशीन घेऊन जयसिंगपूरवरनं एस्टीनं आलासा. दुरुस्तीला न्हाय आलासा तुमी. मी झाकण काढावं आन् म्हणावं, "कुणी गाढवानं केलंय हे?" — म्हणून आलासा. म्हणजे घरी जाऊन सांगाय मोकळं, की बाबासो अँप्लिफायरवाल्यानं नावं ठेवली, तुला काय येत न्हाय, बस घरात. व्हय की न्हाय?

ओळखलं बरोबर. कसं ओळखलं? आवो, मला न्हाय कळणार तर कुणाला कळणार! पोरगी लांब जाईल ही भीती न्हाय तुमची. लांब काय, मुंबईला बी जात्यात. तुमची भीती येगळी हाय. तुमचं मशीन तुम्हास्नी दुरुस्त झालं न्हाय आन् तिनं केलं, आन् गडी म्हणालं असतील, "मालक, पोरगी बापाच्या वर गेली." मग दिवसभर हसत हिंडलासा. आन् जेवाय बसल्यावर घास उतरंना. काय? उतरला? माझा नव्हता उतरला.

बघताय काय असं? सांगतो की. सांगायचं नव्हतं, पण आता बाहेर पडलंय तर सांगतो. पेढं वाटलं त्या संध्याकाळी तालमीत गेलतो. एकटाच. म्हटलं, बघावं तरी पोरानं काय केलंय. आन् लई चांगलं केलंतं. खोट काढाय जागाच न्हाय. माझ्याच मशीनमधी माझंच टाकं येड्यागत दिसाय लागलं, त्येच्या टाक्यांशेजारी. तवा मी माईकच्या बाजूचा एक टाका काढला. आन् परत मारला, कच्चा. अर्धा तास टिकंल एवढाच. म्हटलं, जरा खरखर हुईल, पोरगं म्हणंल, "बाबा, बघा की काय झालंय," मी उठीन, एक टाका मारीन, संपलं. एवढंच पायजे हुतं मला. "बाबा, बघा की." वस्तादांच्या हातात माईक असताना जाईल असं मला कुठं म्हाईत हुतं? शप्पत न्हवतं म्हाईत.

आन् त्येनं इचारलंच न्हाय! स्वतःच वाकला. झाकण काढलं, मोबाईलचा उजेड पाडला. आता आमच्यात कसं असतंय सांगतो — माझा गुरू डावखुरा हुता, निपाणीचा, त्येनं मला पार्टचा पाय डावीकडं वाकवून टाका माराय शिकवलं. अख्ख्या कोल्हापुरात असा टाका दुसरा कुणी मारत न्हाय. अक्षर वळखावं तसा माझा टाका वळखू येतोय. आन् ह्या पोराला, त्यो सात वर्षांचा असताना, मी मांडीवर बसवून दाखवलाता — "बघ, ह्यो तुझ्या बाचा टाका." त्येनं उजेड तिथं धरला. धरूनच ऱ्हायला. मग वर बघितलं. माझ्याकडं. मी पहिल्या रांगेत, गळ्यात हार.

काय म्हणाला? मला काय म्हणाला न्हाय. उठला, लोकांकडं तोंड केलं आन् बिनमाईकचा, मोठ्यानं वरडून — बारीक आवाजात बोलणारं पोरगं माझं — म्हणाला, "माफ करा, माझी चूक झाली. माझा टाका कच्चा राहिला." सगळी हसली. मी बी हसलो, पावणं. हसावं लागलं मला. शेवटचं वर्ष संपलं आन् आठ दिवसांत जर्मनीतली नोकरी धरून गेला. आता आक्काताईला, माझ्या बायकोला, दर आयतवारी फोन करतोय. अर्धा अर्धा तास बोलत्यात. मी हिकडं पेपर वाचतोय. "बाबांना दे," असं त्यो म्हणत न्हाय, आन् "दे हिकडं," असं मी म्हणत न्हाय. तिला वाटतंय थंडीनं पोरगं अबोल झालंय. तिला म्हाईत न्हाय. कुणालाच म्हाईत न्हाय. तुम्हास्नी कशाला सांगितलं म्या? कोण तुमी? नाव बी इचारलं न्हाय मी तुमचं.

न्हाय, पाणी नगं. काय म्हणताय? मशीन कसं हाय? आवो, अजून इचारताय? अजून बी आशा हाय व्हय तुम्हास्नी, की बाबासो काय तरी खोट काढंल? न्हाय खोट! एक सुदीक न्हाय! साडेतीन वाजल्यात, हिथनं विद्यापीठाला रिक्षानं वीस मिनिटं लागत्यात. सही करा न्हायतर त्यो कागद पंचगंगेत सोडा, पण माझं नाव सांगून करू नका काय बी. उचला ते मशीन. झाकण? झाकण तुमचं तुमी लावा, न्हायतर पोरीला लावाय सांगा. मी न्हाय लावणार. माझा हात नगं लागाय त्येला. उठा, पावणं. उठा म्हणतोय न्हवं.