लाल रंगाखालची रेघ

—नाही नाही ताई, काही झालं नाही, दार आपटलं म्हणून दचकले फक्त. मी अशीच आहे. बसा ना आत, बाळ झोपलंय तर झोपू दे — दादा तुमच्या मिस्टरांना भाताची खाचरं दाखवून येईलच, मग निघा. ताम्हिणी घाट उतरलात की संध्याकाळी समुद्रावर. छान आहे ना गाडी? भाड्यानं द्यायची म्हणून बेड, गॅस, बेसिन, सगळं दादानं पुढं उभं राहून बसवून घेतलंय. ब्रेक? ब्रेकचं का विचारलंत? कुणी काही बोललं का? नाही, मी चाकाशी बसले होते ते असंच... पुसत होते. वास येतोय तो नेलपेंट काढायच्या लिक्विडचा.

म्हणजे काय झालं, खंडेनवमीला गाडी पूजेला लावली ना, तेव्हा दादानं चारही चाकांचे कॅलिपर लाल रंगवले — कॅलिपर म्हणजे ब्रेकची पकड हो, चाकाच्या आतल्या तबकडीला दोन्हीकडून चिमटीत धरते ती. फोटोत उठून दिसतात म्हणे. दिसतातच. पण आमचे पौडचे मेकॅनिक युनूसभाई, ते पकडीचे बोल्ट आवळले की बोल्टवरून पकडीपर्यंत एक पिवळी रेघ ओढतात. रेघ सरळ तर बोल्ट जागेवर, रेघ तुटली तर बोल्ट फिरलाय — कुणालाही कळेल असं, आणि दादानं नेमका त्यावरच ब्रश फिरवला. मी विचारलं, बोल्ट तपासलेस का? तर म्हणे, "बगितलं की. लई शानपना नगं." बघितलं म्हणजे काय बघितलं? लाल रंगच ना?

म्हणून सकाळी कापूस घेऊन वरचा लाल रंग तेवढा अलगद पुसत बसले. तीन चाकांच्या रेघा सरळ आहेत, खरंच, अगदी सरळ. डावीकडच्या पुढच्या — नको, जाऊ दे — तिथली जुळत नाही, ताई. बोल्टवरचा तुकडा एकीकडं, पकडीवरचा दुसरीकडं. युनूसभाई लग्नाला गेलेत, फोनवर म्हणाले, मी उद्या येईपर्यंत गाडी जागची हलवू नका. दादाला सांगितलं तर तो फोनवर युनूसभाईंनाच हसून म्हणाला — "पाल दिसली तरी गाव गोळा करतीया ही. जयाचं काय घिऊन बसलाय?" आणि खरं आहे ते, ओरडते मी पालीला. म्हणून बोल्टचंही खोटं? हंगामातलं पहिलंच बुकिंग, ते जायला नको, मलाही नकोच — मी तर तुम्हाला निर्धास्त करायला आले होते, त्यानंच पाठवलं, "गोड बोल जरा" म्हणून, आणि हे काय बोलून बसले मी!

किल्ली लपवावी तर ती त्याच्या खिशात. चाकाखाली दगड लावला, तो त्यानं लाथेनं उडवला. काय करू? तुम्ही सांगा ना त्याला, पाहुण्यांचं ऐकतो तो. माझं नाव नका घेऊ. घ्या, घेतलं तरी चालेल, पण सांगा.

आलेच बघा दोघं बांधावरून. अशा बघत काय राहिलात? बाळाला उचला ताई, उतरा आधी, मी दार धरते —

काही नाही रे दादा. ताईंना उशी हवी का विचारत होते.