माझ्यातलं घे, तिला दे

…आणि वर आमचे हे मलाच विचारतात, "गोळी पोटात गेली का?" आता मी काय तिच्या पोटात उतरून बघू? तुम्हाला सांगते, चौदा वर्षांची मांजर आहे आमची, घरात सगळे तिला बाईसाहेब म्हणतात, आणि या बाईसाहेब सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला माझ्याकडे अशा बघतात, जशी मी त्यांना फाशी द्यायलाच आलेय! मी काही तक्रार करत नाहीये हं. फक्त सांगतेय.

सुरुवात माझ्यापासूनच झाली, ते आधी कबूल करते. गेल्या वर्षी बाईसाहेब जरा मंदावल्या होत्या. वाटीतलं तसंच टाकायच्या, खिडकीत दिवसभर पडून राहायच्या. मी देवापुढे बसले आणि म्हटलं, देवा, हिला म्हातारपणी चांगली भूक लागू दे, अंगात उत्साह येऊ दे. आणि काय सांगू… काही महिन्यांत आला की उत्साह! पडद्यावर चढतेय, कपाटावरून उडी मारतेय, वाटी चाटूनपुसून पुन्हा माझ्या मागे, "म्याँव" नाही हो, नुसता आरडाओरडा! मी तर आनंदाने डोळेच मिटले. यांना म्हटलं, "बघा, ऐकलं देवाने!" आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "देवाने ऐकलं असेल, पण आता ही आपल्याला ऐकवतेय."

पण मग एक दिवस तिला उचललं, तर हातात पिसं आल्यासारखी हलकी! इतकं खातेय आणि पाठीचा कणा हाताला लागतोय? घातली टोपलीत, नेली प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण बोलणं शाळेतल्या बाईंसारखं. रक्त तपासलं, कानात नळ्या घालून छातीचे ठोके मोजले आणि म्हणाल्या, "हिचा थायरॉईड जास्त काम करतोय. खाल्लेलं सगळं आतल्या आत जळून जातंय. ही भूक आणि ही धावपळ म्हणजेच आजार आहे, काकू." म्हणजे सहा महिने मी ज्याबद्दल देवाचे आभार मानत होते, तो आजार होता! मी काही तक्रार करत नाहीये हं. मागितलं ते मीच.

तर गोळी. दिवसातून दोनदा, बारा तासांनी, कुटायची नाही, दिल्यावर हात धुवायचे. उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात लपवली, तर तुकडा पोटात आणि गोळी स्वच्छ चाटून यांच्या चपलेत! टॉवेलात गुंडाळून दिली, तर जबडा मिटून शहाण्यासारखी बसली, मला वाटलं गिळली… आणि दहा मिनिटांनी सोफ्याखालून "थू". मांजर थुंकतं, हे मला चौदा वर्षांत माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दर रविवारी वजन करून मला कळवा. पावणेतीन किलोच्या आसपास आहे, ते वाढायला हवं." आता एकटी काट्यावर ठेवली, तर पाय टेकायच्या आधी ती दाराबाहेर. म्हणून मी तिला कडेवर घेऊन उभी राहिले. दोघींचं मिळून पासष्ट किलो आठशे. माझे त्यातून त्रेसष्ट वजा. माझं वजन गेली दहा वर्षं त्रेसष्टच, दगडावरची रेघ! उरले दोन किलो आठशे. हिशेब चोख.

आणि त्याच दिवशी मी नवस बोलले. म्हटलं, देवा, ही साडेतीन किलोची होईपर्यंत मी संध्याकाळचं जेवणार नाही. हवं तर माझ्यातलं घे, पण तिला दे.

पुढचा रविवार. पासष्ट किलो आठशे. त्याच्या पुढचा? पासष्ट किलो आठशे! गोळ्या पोटात जातायत, आरडाओरडा कमी झालाय, केस चमकायला लागलेत, पण काटा जागचा हलेल तर शपथ! मला वाटलं, माझाच नवस कमी पडतोय. चहातली साखर सोडली. पुन्हा पासष्ट किलो आठशे. दुपारचा भात सोडला. यांनी विचारलं, "तू काय खातेस तरी हल्ली?" म्हटलं, "श्रद्धा."

जरा वाढू दे, मग कळवू, म्हणत थांबले होते, शेवटी सहाव्या रविवारी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी आधी गोळीच्या वेळा विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, "औषध चालू असून वजन अजिबात वाढत नाही? उद्या घेऊन या. या वयात कधी कधी मूत्रपिंडाचंही काही निघतं."

फोन ठेवला आणि खाली बघितलं. बाईसाहेब माझ्याच पायांवर अंग टाकून झोपलेल्या. लेक परगावी गेली तेव्हा रिकाम्या खोलीत माझ्याबरोबर बसायला हीच होती हो. मी तिला म्हटलं, "थकली असशील तर माझ्यासाठी अडकून राहू नकोस, बाई." आणि लगेच म्हटलं, "नको, राहा."

दुसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी तिला टोपलीतून काढून छोट्या काट्यावर ठेवलं. तीन किलो सहाशे.

मी म्हटलं, "तुमचा काटा बिघडलाय."

त्यांनी पुन्हा ठेवलं. तीन किलो सहाशे. रक्त तपासलं, औषध बरोबर लागू पडलेलं, मूत्रपिंडं ठीक, ठोके शांत. मग माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्ही वजन कसं करता?" मी सांगितलं. "आणि तुमचं स्वतःचं शेवटचं कधी केलंत?"

"माझं कशाला? आजारी ती आहे!"

"या इकडे," म्हणाल्या, आणि मला चक्क मोठ्या कुत्र्यांच्या काट्यावर उभं केलं! बाहेर एक गृहस्थ आपला भला थोरला कुत्रा घेऊन रांगेत. तो कुत्रासुद्धा आकडा बघायला पुढे झाला. बासष्ट किलो दोनशे!

माझे आठशे ग्रॅम गेले होते, तिचे आठशे ग्रॅम आले होते. इकडून तिकडे, एक ग्रॅम सांडला नाही! म्हणजे नवस केव्हाच पुरा झाला होता आणि वर मी आपली उपाशीच. हे गाडीत म्हणाले, "तू देवाला नेमकं काय म्हणाली होतीस?" सांगितलं. गाडी बाजूला घेऊन हसले हो! "अगं, त्याने शब्दशः केलं की!" मी आधी रुसले, मग टोपलीत हात घातला, ती जाडजूड पाठ हाताला लागली आणि मला रडूच आलं. मी काही तक्रार करत नाहीये हं. आनंदाने आलं.

आता गोळी जन्मभर, दोन वेळा, आणि दर रविवारी आधी मी एकटी काट्यावर, मग तिला घेऊन. दोन्ही आकडे कळवायचे, डॉक्टरांचा हुकूमच तसा. ते फ्रिजच्या दारावर लिहिलेले असतात, हे येताजाता मोठ्याने वाचतात. मी पुन्हा पोटभर जेवतेय, साखर घातलेला चहा दोनदा होतो. परवा आकडे कळवले, तर डॉक्टरीणबाई म्हणतात कशा, "मांजरीचं अगदी उत्तम, काकू. तुमचं मात्र आता चौसष्टाच्या वर चाललंय."

बसले मग देवापुढे. या वेळी नीट विचार करून, शब्द मोजून बोलले. म्हटलं, देवा, माझ्यातलं थोडं घे… पण तिला देऊ नकोस. तुझ्याकडेच ठेव.