पानाची दुसरी बाजू

योगिनी: दगड ब्रशने घासलेस, आई? सगळे?

नीला: सगळेच. एकाला धुवायचं नि दुसऱ्याला तसंच ठेवायचं, असं मी तुम्हा भावंडांत तरी कधी केलंय का?

योगिनी: अगं, मार्करने नंबर टाकलेले मी. कड्याच्या कुठल्या थरातून कुठला दगड काढला, त्याचे.

नीला: ते होय? लिंबू लावल्यावर लगेच निघाले.

योगिनी: लिंबूपण लावलंस?

नीला: समुद्रावरून आलेली वस्तू माझ्या घरात लिंबाशिवाय ओट्यावर चढत नाही. बोंबील असो, नाहीतर तुझं कॉलेज.

योगिनी: सोमवारी सरांना दाखवायचेत गं. थर माहीत नसेल तर फॉसिलला काही किंमत नाही. वर्षभराचं काम गेलं माझं. रडायला येतंय मला.

नीला: रड थोडी, मग सांग. त्यात ते फॉसिल की काय ते कुठलंय? मला सगळीच बिस्किटं वाटली. दोनांचा तर पाण्यात भुगाच झाला.

योगिनी: शेल म्हणजे शेवटी चिखलाचाच दगड, पाण्यात सुटतो तो. बाकीचे गेले तरी चालतील, पण पानाचा ठसा असलेला दगड कुठाय?

(नीला परात पुढे सरकवते.)

योगिनी: वाचलं! शिरासुद्धा दिसतायत. लाखो वर्षांचं पान आहे हे, आई.

नीला: जांभळीचं दिसतंय. चुकलंच माझं, बाय. विचारायला हवं होतं.

योगिनी: थांब. दगड फोडला तेव्हा ठसा दोन्ही बाजूंना उमटलेला. अर्धी बाजू मी आणली, अर्धी अजून कड्यातच आहे. ती सापडली की थर सापडला.

नीला: मग जा की.

योगिनी: लाटांनी कडा ढासळतो तिथे. आणि पाणी मागे हटल्याशिवाय तिथवर जाता येत नाही.

नीला: शनिवारी अमावास्या आहे. ओहोटी लांबवर जाईल. शुक्रवारी रात्री कल्याणहून रत्नागिरीची एसटी पकडू.

योगिनी: पकडू? तू कुठे? गुडघे दुखतात तुझे. आणि तिथे तू करणार काय?

नीला: मी घालवलंय, तर शोधायला मी नको? तू पान जुळव. मी तुझ्यावर छत्री धरून उभी राहीन.