जोडीतला कबऱ्या

कुलदीप : एकच बटन दाबाचं आहे तृप्ती. हिरवं. दाबलं का झालं.

तृप्ती : आणि माझा कबऱ्या?

कुलदीप : तो जाईन. मतलब, त्याची ताकद माझ्या ढवळ्यात येईन. खेळाचं नवीन अपडेटच तसं आलं यार. जुन्या जोडीतलं एक कार्ड राहते, वाढते, सोनेरी होते. दुसरं जाते. पण दोन्ही मालकायनं मंजूर करा लागते.

तृप्ती : अन् जाणारा बैल माझाच.

कुलदीप : तू तर खेळणंच सोडलं ना! तुझ्याकडं नुसता पडून आहे तो.

(सौंसरच्या बाजारातलं लहानसं मॅचिंग सेंटर. कलाबाई साडीला फॉल लावत बसली आहे, भाची तृप्ती गल्ल्यावर. समोरच्या स्टुलावरचा कुलदीप पांढुर्ण्याहून सकाळच्या बसनं आलाय. दीड वर्षापूर्वी या दोघांचं साक्षगंध झालं होतं, आणि मोडलंही. तो आला याचा तृप्तीला राग नव्हता. तो हसत हसत आला, याचा होता.)

कलाबाई : च्या मांडू का वं तृप्ती, का तसाच जाते हा?

कुलदीप : मांडा ना आत्या. आद्रक जरा जास्त.

कलाबाई : आत्या म्हणू नोको मले. तुह्या मायनं सोयरीक मोडाच्या बैठकीत साऱ्याइसमोर सामान वापस मांगतलं. शालू गेला, अंगठी गेली. पोरीच्या पायातली चप्पल काढाले लावली, तुमी घेऊन देल्ली होती म्हणून. तवापासून मी तुही कोणी नाही.

कुलदीप : चप्पलचं मले मालूमच नव्हतं.

तृप्ती : तू खांबाजवळ बसला होता. मी उघड्या पायानं तुझ्या समोरूनच गेली.

कुलदीप : जुनं काऊन काढून राहिली? मी खेळाचं बोलून राहिलो.

तृप्ती : मीबी खेळाचंच बोलून राहिली. सारं वापस गेलं, हा कबऱ्या तेवढा राहिला. मोबाईलातला बैल तुझ्या आईले दिसला नाही म्हणून. नाही तर त्याचीबी वेसण धरून नेली असती.

कुलदीप : हे पाह्य, रविवारी नागपुरात फायनल आहे. बैलायच्या शर्यतीचा, शंकरपटाचा, एवढा मोठा ऑनलाइन मुकाबला कधी झालाच नाही. जुनी वाढवलेली जोड असंन तरच मैदानात घेतात. टीमले सांगून बसलो मी, कार्ड आलंच समजा म्हणून. बॅनर छापला त्यायनं माझ्या फोटोचा.

तृप्ती : मीबी घरी सांगून बसली होती. कुलदीप बोलीन म्हणून. बैठकीच्या आदल्या दिवशी तूच म्हटलं होतं ना? 'तू फक्त बस, बोलतो मी.'

कुलदीप : आईसमोर कसं बोलाचं यार...

तृप्ती : तुझी आई काय म्हणाली होती बैठकीत?

कुलदीप : सोड ना.

तृप्ती : म्हण.

कुलदीप : पोरगी रातभर मोबाईलवर पोट्ट्यायसंग खेळते.

तृप्ती : कोणतं पोट्टं होतं ते?

कुलदीप : (मोबाईलवर बोट फिरवत राहतो.)

कलाबाई : अरे बोल ना बाप्पा! बैठकीतबी असंच तोंड शिवून बसला होता.

कुलदीप : मी. मीच होतो.

तृप्ती : मले सांगून काय फायदा? मले माहीत आहे. तो साक्षगंधाचा ग्रुप आहे अजून तुझ्या फोनात?

कुलदीप : असंन. कोणी निघालंच नाही त्याच्यातून. निघालं का लोक म्हणतात, राग धरला.

कलाबाई : सोयरीक मोडली, ग्रुप नाही मोडला. पुंडलिकराव अजून रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकतात त्याच्यावर. तुही माय राम राम टाकते. मीबी टाकते मग.

तृप्ती : त्या ग्रुपवर आवाज टाक. खेळ कोणं शिकवला, रात्री फोन करकरून कोण उठवत होतं, सारं. तुझ्या तोंडानं.

कुलदीप : पागल झाली का! पुंडलिकरावनंच आपली सोयरीक जमवली होती. आता तेच माझं मोहगावचं स्थळ पाहून राहिले.

तृप्ती : माझेबी दोन स्थळं आले. चहा पिऊन गेले. दुसऱ्या घरची बाई पायरी उतरता उतरता म्हणाली, "हीच का ती मोबाईलवाली?" हळूच म्हणाली, पण मले ऐकू आलं. बाबायलेबी आलं. तवापासून बाबा माझ्यासंग जेवाले बसत नाहीत.

कुलदीप : मले काय माहीत असं होईन...

तृप्ती : आता माहीत झालं. बोल.

कुलदीप : बोललो का कार्ड देशीन?

तृप्ती : तू बोल. मी देते.

कुलदीप : पक्कं?

तृप्ती : म्हटलं ना.

कुलदीप : ठीक आहे. थांब. हं... राम राम मंडळी. मी कुलदीप. बैठकीत जे काही झालं, त्याच्यात दोन्हीकडून थोडा गैरसमज...

तृप्ती : पुसून टाक.

कुलदीप : काऊन?

तृप्ती : गैरसमज नव्हता. तुले सारं समजत होतं. पुन्हा बोल.

कुलदीप : राम राम. मी कुलदीप बोलून राहिलो. तृप्तीले बैलाचा तो खेळ मीच शिकवला. रात्री मीच फोन करत होतो, ती झोपली का मीच उठवत होतो. दुसरा कोणी पोट्टा नव्हता. बैठकीत मले हे माहीत होतं. मी बोललो नाही.

कलाबाई : चप्पल.

कुलदीप : आणि... तिच्या पायातली चप्पल काढाले लावाची नव्हती.

तृप्ती : पाठव.

कुलदीप : गेलं. झालं समाधान? आता मी मागणी पाठवतो, तू दाब.

तृप्ती : आली. "ढवळ्या राहील, कबऱ्या जाईल." खाली हिरवं आहे, लाल आहे. लाल दाबलं तर?

कुलदीप : जोडच बंद होते मग. पुन्हा कधीच नाही वाढत. तू हिरवं दाब ना.

तृप्ती : किती सुंदर दिसते हा कबऱ्या अजून. शिंगाले लाल रंग मीच लावला होता.

कुलदीप : दाब ना यार!

तृप्ती : दाबलं.

कुलदीप : ए! लाल काऊन दाबलं? तृप्ती! देते म्हणाली होती तू!

तृप्ती : तूबी म्हटलं होतं.

कुलदीप : पण मी बोललो ना आत्ता! साऱ्यायसमोर!

तृप्ती : कार्डासाठी बोलला तू. माझ्यासाठी नाही.

कुलदीप : दगाबाज आहे तू. काढून टाकतो मी तो मेसेज.

तृप्ती : काढ. तुझ्या आईनं ऐकला. हे पाह्य, आलाच तिचा फोन. उचल.

कुलदीप : इथं नाही उचलत.

तृप्ती : मग बाहेर जाऊन उचल. बस लागलेलीच असंन.

कलाबाई : दार लोटून घेजो रे. धूळ येते साड्याइवर... गेला वं. चेहरा कसा उतरला त्याचा. तृप्ती, देऊन टाकतीस तं तुहं काय जात होतं? खेळत तं नाही तू.

तृप्ती : माझं काहीच जात नव्हतं आत्या. त्याचं जात होतं, म्हणून नाही देल्लं.

कलाबाई : मंग झालं मन थंड?

तृप्ती : अर्धं.

कलाबाई : ग्रुपवर काय म्हणून राहिले? माहा चष्मा कोठी ठेवला कोण जाणे.

तृप्ती : कोणीच काही नाही म्हणून राहिलं.

कलाबाई : पुंडलिकरावबी नाही?

तृप्ती : नाही. आज फूलबी नाही टाकलं त्यायनं.

कलाबाई : तुहे बाबा?

तृप्ती : बाबा ऑनलाइन दिसून राहिले. ऐकून राहिले.