इनक्युबेटरमधलं दही

आखाती देशातल्या हमरिया गावच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी पोट धरून आईच्या मांडीवर आडवी झाली होती.

"डॉक्टर विचारतील काय खाल्लं. तू सांगायचंस, सलील."

"दही खाल्लं, एवढं सांगू."

"कुठे लावलेलं?"

"देविका, हळू बोल. घरी एसीत दही लागत नाही म्हणून तूच कुरकुरत होतीस."

"म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये लावायचं? जंतू वाढवायच्या कपाटात?"

"इनक्युबेटर आहे तो. सदतीस डिग्री, दही कसं घट्ट लागलं होतं बघ."

"आणि शेजारी काय होतं?"

"पोरांच्या प्रॅक्टिकलच्या प्लेट्स."

"कसल्या?"

"संडासाच्या कड्यांवरून कापूस फिरवून आणतात ना, ते जंतू. पण त्या खालच्या कप्प्यात होत्या. डब्याला झाकण होतं, विषय खलास."

"वा. तिथे सेफ्टीचं लेक्चर कोण देतं रे?"

"मीच देतो."

"आणि त्या कपाटावर पाटी आहे ना, खायचे पदार्थ ठेवू नका म्हणून?"

"ती मीच लावली. विद्यार्थ्यांसाठी आहे ती."

"बरोबर. सरांचं दही म्हटल्यावर जंतू आपणहून बाजूला सरकत असतील."

नर्सनं मुलीचं, इराचं, नाव पुकारलं. बाकावरून दोघं उठली.

"देविका, आत इनक्युबेटरचं काढू नकोस. डॉक्टरांचा मुलगा माझ्याच वर्गात आहे."

"मग बरंच झालं. पाटी त्यानं तरी वाचली असेल."