मुरमाच्या घळीतली साखळी

ऐका. लाकडं जरा पुढं सारा. आन् ए, त्यो मोबाईल खिशात घाल! म्या सांगताना उजेड फक्त जाळाचा पायजे. आज पहिल्यांदा श्रमदानाला आलेली पोरं कोन कोन हाईत? हात वर करा. हां, तुमच्यासाठीच सांगतीया. बाकीच्यांनी ऐकलीया, त्येंनी पुन्ना ऐकायची. नीट ऐकली असती तर काल दोघंजन घळीच्या तोंडाशी फोटू काढत हुबं ऱ्हायलं नसतं.

तर हर्षल म्हून एक पोरगा व्हता. खानदेशातला, तेवीस-चोवीस वर्साचा. आपल्या गुरांच्या दवाखान्यात कामाला आला. मलमपट्टी करायची, गाय अडली की डॉक्टरांमागं पळायचं. गावातल्या समद्या म्हशी त्येला वळखायच्या, मानूस मातर एक न्हाई! आठ महिनं एकटा जेवला, बगा. घरमालकाच्या शेळीसंगं बोलायचा. हसू नका रं. परक्या गावात ऱ्हाऊन बगा, म्हंजे कळंल.

एक दिस शिलाईवाली इंदू तिची गाय घिऊन दवाखान्यात गेली. आपलं श्रमदानाचं मंडळ तवा तीच चालवायची. म्हनली, "रविवारी डोंगराच्या टेपावर या की. पावसाचं पानी आडवायला चर खांदतोय आमी. पगार न्हाई, च्या मिळंल."

गेला. पहिल्याच दिशी हाताला ही एवढाली फोडं! ट्रॅक्टरवाला गजा पोट धरून हसला, आन् मग सोताचाच पटका फाडून त्येचं हात बांधलं. "मोठा आला ढोरडॉक्टर!" म्हनला. तवापासनं गजासाठी त्यो ढोरडॉक्टरच.

आता आपल्या साखळीचा नेम नव्या पोरांनो नीट समजून घ्या. मातीचं घमेलं हातावरनं हातावर जातं. पुढच्याचं नाव घेतल्याबिगर द्यायचं न्हाई. "घे गजा!" म्हनलं की गजाचं हात पुढं. "घे इंदू!" म्हनलं की इंदूचं. आन् हातात आलेलं घमेलं मधीच भुईला टेकवायचं न्हाई. चांदन्यातबी काम करतो आपन, बेसावध मानसाच्या पायावर पडलं तर पाय जाईल, म्हून ह्यो नेम. पन हर्षलला त्यात काय घावलं, ठाव हाय का? दिसभरात शंभरदा "घे हर्षल! घे हर्षल!" ऐकलं त्येनं. आठ महिन्यांत कुनी त्येला नावानं हाक मारली नव्हती. त्या राती खोलीवर जाऊन रडला. त्येनंच सांगितलं मला.

मग आली चैताची पुनव. आठाला मारुतीपाशी जमायचं आन् समद्यांनी मिळून वर जायाचं, असं ठरलं. आन् नेमकी त्या सांजंला एक म्हैस अडली! रेडकू बाहीर आलं तवा साडेनऊ झालं व्हतं. मारुतीपाशी चिटपाखरू न्हाई. शहाना मानूस घरला जाऊन झोपला असता. पन ह्येच्या मनात काय? 'आज न्हाई गेलो तर म्हनतील, कामचुकार निघाला. उद्यापास्नं हाक मारायचं न्हाईत.' टेपाला वळसा घालून जायचं तर तास लागतो. मुरमाच्या घळीतनं पंधरा मिंटं. गजानं बजावलं व्हतं, घळीत पाय घालू नगं. पन मैतर तुटंल ह्येची भीती त्येला भुताहून मोठी वाटली. शिरला घळीत!

घळीत काय हाय म्हून इचारतोस? मोठ्या दुष्काळात तिथं मुरूम काढायचं काम चालायचं. एका दुपारी दरड बसली. नऊ मानसं खाली. वरनं आनखी दरड येईल म्हून कुनी उकरलं न्हाई. मजूर गावोगावचं, मुकादमाला नावंबी ठाव न्हवती. 'नऊ मजूर' म्हनला आन् मोकळा झाला. इस्तवाजवळ सरकून बसा.

तर हर्षल आत गेला. चांदनं पडल्यालं. आन् कानावर काय आलं? टिकावाचा आवाज! खण्... खण्... घमेली वाजत्यात. वळनावरनं बघतो तर साखळी हुबी. डोक्याला फडकी, तोंडं अंधारात. मधी एका मानसाची जागा मोकळी. त्येला वाटलं, आज आपली मंडळी हितंच खांदत्यात! आन् गजाच्या आवाजात हाक आली, "घे हर्षल!"

जीव हरखला बिचाऱ्याचा. पळत जाऊन त्या जागंवर हुबा ऱ्हायला. हात पुढं केलं.

पहिलं घमेलं हलकं. ह्येनं नाव घ्यायच्या आधीच पुढच्या गड्यानं ओढून घेतलं. दुसरं जड. तिसरं आलं ते वलं. आता चैतात माती वली कशी? चौथं कोमट लागलं. खाली बघितलं तर मातीत केस! पाचव्यात हात व्हता. मानसाचा हात, कोपरापास्नं तुटलेला, आन् बोटं हालत व्हती!

त्येनं पुढच्या गड्याकडं घमेलं लोटलं. त्यो घीना. हाताची घडी घालून हुबा. डाव्या मनगटात तांब्याचं कडं, एका बाजूनं चेपलेलं. म्हनला, "नाव घे."

"कुनाचं?"

"माजं. नाव घे, मग घेतो."

हर्षलला कुठनं ठाव असनार? त्येनं घमेलं भुईला टाकलं.

आन् टाकलं रं टाकलं, समदी साखळी वळली! टिकावाचा दांडा नडगीवर बसला, काड्कन. खाली पडला तसा पाठीत दुसरा. बरगडी मोडल्याली त्येला सोताला ऐकू आली. नाकातनं, तोंडातनं रगत. उजवा हात टेकून उठाया गेला, तर कडंवाल्यानं पावड्याचं पातं त्या हातावरच हानलं. दोन बोटं जागच्या जागी उडाली! "नाव घे!" पुन्ना दांडा. "आमचं नाव कुनी घेतलं न्हाई! तू घे!" आन् मग घमेली सुरू झाली. हातावर हात, हातावर हात, समदी माती त्येच्या अंगावर. कमरंपतुर. छातीपतुर. गळ्यापतुर!

हिकडं टेपावर काय झालं? खांदून झालं व्हतं, साखळी आत्ताच लागली व्हती. सवयीनं गजा म्हनला, "घे हर्षल!" आन् घमेलं सोडलं. खाली पडलं धप्पदिशी! मोकळी जागा बघून इंदूचा चेहरा उतरला. "म्हशीपाशी असंल," कुनी म्हनलं. इंदू म्हनली, "न्हाई. त्यो यायचं सोडनार न्हाई. त्यो घळीनं आला असंल." टिकाव-पावडी टाकली आन् सोळाजन पळत सुटलं.

घळीच्या तोंडाशी येऊन हाका मारल्या, "हर्षल! हर्षल!" आन् आतनं हाकांवर हाका उठल्या, "हर्षल! हर्षल!" त्येच इंदूच्या आवाजात, त्येच गजाच्या आवाजात! माती हनुवटीला लागली व्हती. कोन खरं आन् कोन खोटं, हर्षलला कळंना. डोळं मिटून गप पडला. आता ओ द्यायची न्हाई, म्हनला. मरायचं.

तवा गजा किंचाळला, "आरं ए ढोरडॉक्टर! कुठं मेलास?"

ही हाक साखळीत कुनी मारत न्हवतं, म्हून त्या नवांना ठाव न्हवती! हर्षलनं उरलासुरला जीव काढून वरड मारली.

मग मंडळानं काय केलं, ऐका. हाताला हात धरून सोळाजनांची साखळी केली, घळीच्या तोंडापास्नं आतपतुर. म्होरं गजा. दगडं बरसाया लागली. गजाचं कपाळ फुटलं, एकाचा खांदा निखळला, पन हात कुनी सोडला न्हाई. गजानं डाव्या हातानं माती उकरली, हर्षलच्या बखोटीला धरला आन् वरडला, "वढ इंदू!" इंदू वरडली मागच्याला. नाव, नाव, नाव, आन् झटक्यानिशी पोरगा बाहीर! पायाला कुनीतरी चिकटलं व्हतं. पोटरीचं मास तिथंच ऱ्हायलं. पन जीव आला.

आजबी हाय त्यो. तीन बोटांच्या हातानं गुरं तपासतो. गजाच्या लेकीच्या लग्नात पंगतीला वाढप्या त्योच व्हता.

त्या राती त्येच्या जखमांना हळद लावाया म्या गेले व्हते. तापात बडबडत व्हता, "तांब्याचं कडं, तांब्याचं कडं." म्या इचारलं, कुठल्या हातात? म्हनला, डाव्या. चेपलेलं? म्हनला, व्हय. तुमाला कसं ठाव? म्या हळदीची वाटी खाली ठिवली आन् परसात जाऊन बसले.

ते कडं म्याच चेपवलं व्हतं, रं. सहा वर्साची व्हते. जात्याखाली घातलं म्हून माज्या बानं मला लई हानलं, आन् मग त्येच कडं घालून मुरमाच्या कामावर गेला. त्यो आलाच न्हाई.

नवांतलं एक नाव मला ठाव हाय. दिसा घेते मी, तुळशीपाशी. राती न्हाई घेत. नाव घेतलं की हात पुढं येतो, ह्यो साखळीचा नेम हाय.

म्हून सांगते. उशीर झाला तर होऊ द्या, कुनी कामचुकार म्हननार न्हाई. पन त्या वाटंला जाऊ नका. माजा बाप हाय तिथं, तरी सांगते. जाऊ नका.